स्वकीयत्वाची मुद्रा

रोग करतो तो विषाणू आणि रोगापासून वाचवते ती प्रतिकारशक्ती, ही विभागणी इतकी सोयीची आहे की शाळेतील आरोग्यशास्त्राच्या क्रमिक पुस्तकापासून दवाखान्याच्या भिंतीवरील तक्त्यापर्यंत ती सर्वत्र निःशंकपणे नांदत असते. परंतु उंदरांच्या एका विषाणूने, ज्याचे पूर्ण नाव उच्चारताना वैद्यकाचे विद्यार्थीही मध्ये एकदा श्वास घेतात, या विभागणीखाली गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरुंग पेरून ठेवला होता. लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस हे ते नाव. प्रयोगशाळांच्या बोलीत एलसीएमव्ही. 1933 साली अमेरिकेत तो हाती लागला, आणि मेंदूच्या आवरणांत लसिकापेशींची दाटी होणे हे त्याने होणाऱ्या विकाराचे मुख्य चिन्ह असल्यामुळे त्याचे असे लांबलचक नामकरण झाले. घरगुती उंदीर हा त्याचा नित्याचा यजमान. प्रौढ उंदराच्या मेंदूत या विषाणूची अल्पशी मात्रा टोचली असता साधारण आठवड्याभरात त्या प्राण्याला झटके येतात आणि तो मरतो. इथवर सारे अपेक्षेप्रमाणेच. मात्र त्याच उंदराला अगोदर क्ष-किरणांचा मारा देऊन त्याच्या लसिकापेशी क्षीण केल्या, म्हणजे ज्यांनी त्याचे रक्षण करायचे त्यांनाच निकामी केले, तर विषाणू मेंदूत यथेच्छ वाढतो आणि उंदीर मात्र जगतो.

एरिच ट्राउब या जर्मन पशुवैद्याने प्रिन्स्टनच्या रॉकफेलर संस्थेत 1930च्या दशकात याहून चमत्कारिक प्रकार पाहिला होता. ज्या उंदरांना हा विषाणू मातेच्या उदरातच भेटतो, ते त्याला जन्मभर अंगावर बाळगतात. त्यांच्या रक्तात तो सदैव सापडतो, आणि तरीही ते बहुतांशी धडधाकटपणे हिंडत-फिरत असतात. ऑस्ट्रेलियातील मॅकफर्लेन बर्नेट आणि फ्रँक फेनर यांनी 1949 साली या निरीक्षणाचा आधार घेऊन असे अनुमान मांडले की, स्वकीय कोण आणि परकीय कोण याचा निवाडा शरीर आयुष्याच्या अगदी आरंभी करून ठेवते, आणि त्या मुदतीत जे जे आत हजर असते ते ते स्वतःच्या खात्यावर जमा होते. ट्राउबच्या उंदरांनी विषाणूला असे खात्यावर घेतले होते. तेव्हा मेंदूत विषाणू असणे हे मरणाचे कारण नव्हे. त्या विषाणूवर शरीराने केलेली चढाई हे मरणाचे कारण. 2020 सालच्या साथीत प्राणवायूवर ठेवलेल्या रोग्यांना डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त आणि प्रतिकारशक्तीला लगाम घालणारे औषध देऊन मृत्यू कमी होतात असे ब्रिटनमधील चाचणीत दिसले, तेव्हा पुष्कळांना नवल वाटले. या उंदरांची हकीकत ठाऊक असलेल्यांना तितकेसे वाटले नसावे.

ही चढाई करणाऱ्या पेशी कोणत्या, याचा उलगडा व्हायला आणखी काही वर्षे लागली. रक्तात तरंगणारी प्रतिपिंडे विषाणूला वाटेत गाठू शकतात, पण विषाणू एकदा पेशीच्या आत शिरला की प्रतिपिंडांचा इलाखा संपतो. तिथून पुढचे काम टी-पेशींचे. छातीच्या पिंजऱ्यात हृदयाच्या वर बसलेल्या आणि तोवर निरुपयोगी समजल्या गेलेल्या थायमस ग्रंथीत या पेशी तयार होतात, आणि ती ग्रंथी जन्मतःच काढून टाकलेली उंदराची पिल्ले संसर्गापुढे हतबल होतात, हे जॅक मिलर यांनी 1961 साली दाखवले. टी-पेशी बाधित पेशीला जाऊन भिडते आणि तिला मारते. आतला विषाणूचा कारखाना पेशीसकट बंद पडतो. प्रश्न एवढाच उरला होता की, विषाणू तर पेशीच्या आत दडलेला. मग बाहेर उभ्या असलेल्या टी-पेशीला त्याचा सुगावा लागतो कसा?

या प्रश्नाचे उत्तर ज्या दालनात पडून होते त्याचे दार शल्यवैद्य कित्येक वर्षे ठोठावत होते, पण निराळ्याच कामासाठी. एका उंदराची त्वचा दुसऱ्या वंशाच्या उंदराला लावली तर ती काही दिवसांत काळवंडून गळून पडते. सख्ख्या भावंडांचे पिढ्यान्‌पिढ्या संकर करून घडवलेल्या शुद्ध वंशातील उंदरांत मात्र ती सुखाने रुजते. पीटर गोरर यांनी 1936च्या सुमारास लंडनमध्ये आणि पुढे जॉर्ज स्नेल यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे अपार चिकाटीने असे दाखवले की, या स्वीकार-अस्वीकाराचा मुख्य कारभार जनुकांच्या एका छोट्या समूहाकडे आहे. उंदरांतील या समूहाला एच-2 म्हणतात. माणसांतील तशाच समूहाचा, म्हणजे आज मूत्रपिंडाच्या रोग्यांच्या नातेवाइकांना तोंडपाठ झालेल्या एचएलएचा, पहिला धागा 1958 साली पॅरिसमध्ये जाँ दोसे यांच्या हाती लागला. डिसेंबर 1967मध्ये केपटाउनला बार्नार्ड यांनी मनुष्यहृदयाचे आरोपण केले आणि फेब्रुवारी 1968मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी, त्या काळात परक्या अवयवाला शरीर का झिडकारते हा वैद्यकाच्या ऐरणीवरचा प्रश्न होता. परंतु एका उंदराने दुसऱ्याची कातडी अंगाला चिकटवून घ्यावी असा प्रसंग निसर्गात येत नाही. केवळ विसाव्या शतकातील शल्यवैद्यांची अडवणूक करण्यासाठी उत्क्रांतीने हा जनुकसमूह कोट्यवधी वर्षे जिवापाड जपला असेल, हे संभवत नाही. मग तो होता तरी कशासाठी? विचारायला हवा होता तो हा प्रश्न. पण आरोपणाच्या धांदलीत तो फार थोड्यांनी विचारला.

ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा येथील जॉन कर्टिन वैद्यकीय संशोधन संस्थेत 1973 साली दोन तरुण एकत्र आले, तेही हा प्रश्न घेऊन आले नव्हते. पीटर डोहर्टी ब्रिस्बेनचा, शिक्षणाने पशुवैद्य. एडिंबराला राहून त्याने मेंढ्यांच्या मेंदूला होणाऱ्या लूपिंग-इल या रोगावर पीएच.डी. केली होती. हा रोग गोचिडांमार्फत पसरतो, आणि त्याचा विषाणू आपल्याकडे सह्याद्रीच्या पायथ्याच्या काजूबागांतून 2015-16पासून भीती पसरवणाऱ्या माकडतापाच्या विषाणूचा नात्याने भाऊबंद लागतो. सत्तरी आणि दोडामार्गच्या लोकांना गोचीड, ताप आणि मेंदू यांचा संबंध वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मेंदूतील दाह सूक्ष्मदर्शकाखाली वाचण्यात डोहर्टी तरबेज झाला होता. दुसरा रोल्फ त्सिंकरनागेल, स्वित्झर्लंडमधील बाझेलचा डॉक्टर. इस्पितळात शल्यचिकित्सेचा अनुभव घेऊन झाल्यावर त्याने आपला मोहरा संशोधनाकडे वळवला, आणि तो पत्नी-मुलांसह पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला येऊन दाखल झाला. एक तेहतिशीच्या आगेमागे, दुसरा तिशीच्याही अलीकडे. संस्थेत जागेची टंचाई होती म्हणून दोघांना एकच खोली मिळाली. त्सिंकरनागेल काम करताना ऑपेरातील गाणी मोठ्याने म्हणत असे आणि ते निमूटपणे ऐकून घेणारा डोहर्टीच काय तो होता, अशीही एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, प्रयोगशाळांची जागावाटपे शास्त्राच्या इतिहासात किती निर्णायक ठरतात यावर कोणी तरी स्वतंत्र प्रबंध लिहायला हरकत नाही.

डोहर्टीजवळ रोगी उंदराचा मेंदू आणि त्या मेंदूभोवतीच्या द्रवातून दाहपेशी टिपून घेण्याचे हस्तकौशल्य होते. एवढ्याशा उंदराच्या मानेमागून सुई घालून द्रवाचा थेंब काढणे ही काही येरागबाळ्याची कामगिरी नव्हे. त्सिंकरनागेलजवळ होती एका पेशीने दुसरीला मारले की नाही हे मोजण्याची युक्ती. ही युक्ती किंचित तपशिलाने पाहिली पाहिजे, कारण पुढचा सारा डोलारा तिच्यावर उभा आहे. ज्या पेशींची कसोटी पाहायची त्या पेशी किरणोत्सर्गी क्रोमियम असलेल्या द्रावणात काही वेळ ठेवतात. क्रोमियम त्यांच्या आत शिरते आणि पेशी जिवंत असेतो बरेचसे आतच राहते. बाहेर उरलेले क्रोमियम पेशी पुन्हा पुन्हा धुऊन काढून टाकायचे, त्या पेशी छोट्या छोट्या वाट्या असलेल्या पारदर्शक तबकात मांडायच्या, वर उंदराच्या प्लीहेतून काढलेल्या लसिकापेशी ओतायच्या, आणि ते तबक शरीराच्या उष्णतामानाला काही तास ठेवून द्यायचे. लसिकापेशींनी खालच्या पेशी फोडल्या तर क्रोमियम वरच्या द्रवात सांडते. तो द्रव अलगद उचलून मोजणीयंत्राखाली धरला की किती टक्के क्रोमियम बाहेर आले हे कळते. या पद्धतीत डोळ्यांनी पाहून अंदाज बांधण्याचा प्रश्नच येत नाही. यंत्र आकडा देते, आणि आकड्याशी हुज्जत घालता येत नाही.

आरंभीचा प्रयोग साधा होता. सीबीए वंशाच्या उंदरांना विषाणू टोचला, सातव्या दिवशी त्यांच्या लसिकापेशी काढल्या आणि त्याच विषाणूने बाधित केलेल्या एल-929 पेशींवर सोडल्या. या एल पेशी कोणा एका उंदराच्या ताज्या पेशी नव्हेत. 1940च्या दशकात सी-थ्री-एच वंशाच्या एका उंदरापासून निघालेली आणि बाटल्यांतून अखंड वाढत राहिलेली ती एक पेशीपरंपरा होती, अनेक प्रयोगशाळांच्या शीतपेटीत हटकून सापडणारी. वापरायला सोयीची म्हणून ती घेतली. क्रोमियम भरभरून बाहेर आले. याच सुमारास कॅलिफोर्नियातील मायकेल ओल्डस्टोन, ह्यू मॅकडेविट आणि सहकाऱ्यांचा असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला होता की, या विषाणूने होणाऱ्या रोगाला उंदीर कितपत बळी पडतो हे त्याच्या एच-2 जनुकांशी निगडित आहे. कॅनबेराच्या जोडीने सहज विचार केला: ज्या वंशात रोग जास्त, त्याच्या टी-पेशी जास्त जहाल असतील काय? म्हणून त्यांनी हाताशी असलेल्या निरनिराळ्या वंशांचे उंदीर घेतले, सर्वांना विषाणू टोचला आणि सर्वांच्या पेशी त्याच एल पेशींवर सोडल्या.

जो निकाल आला त्याची कोणालाही कल्पना नव्हती. सीबीए उंदरांच्या पेशींनी बाधित एल पेशींतील 65 टक्क्यांच्या आसपास क्रोमियम बाहेर काढले. बाल्ब-सी उंदरांच्या पेशींनी 18 टक्क्यांच्या आसपास. आणि विषाणू नसलेल्या निरोगी पेशींतूनही आपोआप 17 टक्क्यांच्या आसपास गळतच होते, म्हणजे बाल्ब-सीच्या पेशींनी काहीच केले नाही असे म्हटले तरी चालेल. काळ्या सी-57 उंदरांचीही तीच गत. आणि हे बाल्ब-सी किंवा काळे उंदीर काही रोगातून सुटलेले नव्हते. तेही त्याच विकाराने आजारी पडत होते. ज्यांच्या लसिकापेशी उंदराचा प्राण घेण्याइतक्या आक्रमक, त्याच काचेच्या तबकात हात बांधून बसलेल्या. दोन वंशांच्या संकरातून झालेल्या उंदरांचे आकडे पाहिले तेव्हा या कोड्याला तोंड फुटले: आई-बापांपैकी एक सीबीए असेल तर संतती मारत असे, दोघेही अन्य वंशांचे असतील तर मारत नसे.

फरक जहालपणाचा नव्हताच. सीबीए आणि सी-थ्री-एच या दोन वंशांचे एच-2 एकच आहे. एल पेशी सी-थ्री-एचच्या वंशाच्या, म्हणून सीबीएच्या टी-पेशींना त्या आपल्या वाटल्या. बाल्ब-सीच्या टी-पेशींपुढे बाल्ब-सीचे एच-2 असलेल्या बाधित पेशी ठेवल्या, तेव्हा त्यांनीही त्या तत्परतेने फोडल्या, आणि आता सीबीएच्या पेशी स्वस्थ बसल्या. विषाणू दोन्हीकडे एकच. टी-पेशी केवळ विषाणू ओळखत नाही. आपल्याच एच-2ने चिन्हित झालेल्या पेशीतील विषाणू तेवढा ती ओळखते. पूर्वीच्या कारभारात एखादा अर्ज कितीही खरा असला तरी तो त्या कचेरीच्या मुद्रांकित कागदावर आला नसेल तर कारकून त्याकडे ढुंकून पाहत नसे, तसा हा व्यवहार आहे: शत्रूची वर्दी आपल्याच घराण्याची मुद्रा असलेल्या कागदावर आली तरच ती ग्राह्य, एरवी दप्तरदाखल. शल्यवैद्यांना अडवणारे रेणू हे वस्तुतः असे वर्दी देणारे रेणू होते. दुसऱ्याच्या शरीरातून आलेल्या पेशींवर परकी मुद्रा असते, आणि टी-पेशी तिची गल्लत विषाणूने बिघडवलेल्या स्वकीय मुद्रेशी करतात. आरोपित अवयव गळून पडतो तो या गल्लतीपायी.

यात दैवाचा भाग किती होता, हे मला पुन्हा पुन्हा जाणवते. पहिल्याच प्रयोगात सीबीएऐवजी बाल्ब-सी उंदीर घेतले असते, तर काहीच न दिसून, पद्धत फसली असे समजून दोघेही दुसऱ्या कामाला लागले असते. दैवावर सारे ढकलणेही बरोबर नव्हे, कारण तबकातील टी-पेशी निष्क्रिय असताना पिंजऱ्यातील उंदीर आजारी पडतो, ही विसंगती ज्याने उंदीर पाहिला त्यालाच खटकणार. जो केवळ आकडे पाहत होता त्याने बाल्ब-सी हा मंद वंश म्हणून नोंद करून फाईल बंद केली असती. पशुवैद्याने जनावराकडे पाहिले.

निबंध नेचर साप्ताहिकाच्या एप्रिल 1974च्या अंकात आला. लहानसा होता. अमेरिकेत जीन शिअरर यांना रसायनाने बदललेल्या पेशींच्या बाबतीत जवळजवळ तोच नियम सापडला, तेव्हा हा विषाणूचा किंवा कॅनबेराच्या उंदरांचा एखादा खोडसाळपणा नाही याची खात्री पटू लागली. 1975मध्ये लॅन्सेटमधील लेखात डोहर्टी आणि त्सिंकरनागेल यांनी पुढची पायरी गाठली: माणसामाणसांत एचएलएची इतकी अतोनात विविधता का, याचे कारण विषाणूच आहेत. सगळ्या मनुष्यजातीची मुद्रा एकच असती, तर त्या मुद्रेवर न उमटण्याची युक्ती साधलेला एखादा विषाणू साऱ्यांनाच घेऊन गेला असता. मुद्रा नाना तऱ्हेच्या असल्यामुळे कोणत्याही साथीत कोणी ना कोणी तरतो. याचा पडताळा पुढे एड्सच्या विषाणूने दिला. ज्यांच्याजवळ एचएलए-बी-57 किंवा बी-27 हे प्रकार आहेत अशा बाधितांत रोग हळू पुढे सरकतो असे दिसते. आणि तीच बी-27 मुद्रा पाठीचा कणा हळूहळू ताठरवणाऱ्या संधिवाताशी निगडित आहे, हे 1973 सालापासून ठाऊक आहे. उत्क्रांतीने दिलेल्या देणगीला असे पोटकलम असतेच. मूत्रपिंडासाठी भावाची मुद्रा बहिणीशी पूर्णपणे जुळण्याचा संभव चारांत एक एवढाच असतो आणि अनोळखी माणसाशी जुळणे हे जवळजवळ भाग्यच, याचा रोग्याला होणारा जाच हेही त्याच विविधतेचे दुसरे टोक.

आता एक वाद माजला. टी-पेशी विषाणू आणि मुद्रा अशा दोन गोष्टी आपल्या पृष्ठभागावरील दोन वेगवेगळ्या ग्राहकांनी (रिसेप्टरांनी) पारखते, की विषाणूमुळे मुद्राच बदलते आणि त्या बिघडलेल्या मुद्रेला एकच ग्राहक ओळखतो? जवळपास दशकभर दोन्ही पक्षांनी परस्परांचे प्रयोग तपासले, आणि त्या काळातील चर्चा वाचताना एखाद्या वतनाच्या दाव्याची कागदपत्रे चाळत असल्याचा भास होतो. कोंडी फोडली ती इन्फ्लुएन्झाने. अ‍ॅलन टाउनसेंड आणि सहकाऱ्यांना दिसले की, टी-पेशी ज्या न्यूक्लिओप्रोटीनला ओळखतात ते तर विषाणूच्या अगदी अंतर्भागातील प्रथिन, बाधित पेशीच्या पृष्ठभागावर अखंडपणे कधी येण्याचे कारण नसलेले. 1986 साली त्यांनी त्या प्रथिनाचे काही मोजक्या अमिनो आम्लांचे, प्रयोगशाळेत बनवलेले तुकडे निरोगी पेशींवर नुसते शिंपडले. आणि टी-पेशींनी त्या निरोगी पेशी बाधित समजून फोडल्या. म्हणजे पेशी आपल्या आतील प्रथिनांचे तुकडे सतत पाडत असते आणि त्यांतील काही तुकडे मुद्रेत बसवून बाहेर मांडत असते. आत सारे कुशल असेल तर सारे तुकडे स्वकीय. विषाणू शिरला तर काही तुकडे त्याचे.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1987मध्ये, हार्वर्डच्या पामेला ब्योर्कमन, डॉन वायली आणि जॅक स्ट्रॉमिंजर यांनी मानवी एचएलए-ए-2 रेणूचे क्षकिरण-चित्र प्रसिद्ध केले. रेणूच्या माथ्यावर दोन बाजूंनी दोन सर्पिल कडा आणि तळाशी चपटी बैठक अशी एक खोबण स्पष्ट दिसत होती, आणि त्या खोबणीत काहीतरी अडकलेले होते ज्याची ओळख पटत नव्हती. ते विशिष्ट असे काही नव्हतेच; अगणित रेणूंतील अगणित निरनिराळे तुकडे एकमेकांवर पडून झालेली ती धूसर छाया होती. माणसामाणसांत एचएलए जिथे भिन्न असते ती बहुतेक स्थाने नेमकी या खोबणीच्या काठावर आणि तळाशी आहेत हेही त्याच चित्राने दाखवले. 1974चा तर्क आता डोळ्यांना दिसू लागला. उरला होता टी-पेशीचा ग्राहक या खोबणीवर कसा टेकतो एवढाच प्रश्न. 7 ऑक्टोबर 1996 रोजी डोहर्टी आणि त्सिंकरनागेल यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले, आणि ग्राहक, तुकडा आणि मुद्रा या तिघांचे एकत्र चित्र त्याच महिन्यात अमेरिकेतून छापून आले. ग्राहक एकच, आणि तो तुकड्याला आणि खोबणीच्या कडांना एकाच वेळी स्पर्श करतो.

विषाणूंनी अर्थातच हा सारा बंदोबस्त जोखलेला आहे. सायटोमेगलोव्हायरस बाधित पेशीच्या पृष्ठभागावरून मुद्रेचे रेणूच हटवतो, म्हणजे वर्दीच जाऊ नये. त्यावर शरीराचा तोड असा की, नैसर्गिक मारक पेशी नावाच्या दुसऱ्या दलाचा नियम नेमका उलट आहे: जिथे मुद्रा दिसत नाही तिथेच ते तुटून पडते. स्टॉकहोमच्या क्लास कॅरे यांनी 1980च्या दशकात हा नियम शोधला. या डावपेचांचा विस्तार एका प्रकरणात मावणारा नाही.

आपला मूळ विषाणू मात्र एवढ्यावर थांबला नाही. रफी अहमद, जन्माने हैदराबादी आणि उस्मानिया विद्यापीठाचे विद्यार्थी, अमेरिकेत ओल्डस्टोन यांच्या प्रयोगशाळेत काम करत असताना 1984 साली एलसीएमव्हीचा एक निराळा वाण त्यांच्या हाती लागला. जन्मापासून बाधित असलेल्या उंदराच्या प्लीहेतून तो निघाला म्हणून त्याच्या वाट्याला केवळ क्लोन 13 असे रुक्ष नाव आले. मूळ वाणाहून त्याच्या जनुकीय मजकुरात फरक अगदी थोडा. परंतु मूळ वाण प्रौढ उंदराच्या रक्तात टोचला तर आठवड्याभरात टी-पेशी त्याचा निकाल लावतात आणि हा क्लोन महिनोन्‌महिने रेंगाळत राहतो. टी-पेशी जातात कुठे? 1993 साली झ्युरिचमध्ये त्सिंकरनागेल यांच्याच गटाने दाखवले की, विषाणू प्रचंड प्रमाणात आणि दीर्घकाळ राहिला तर त्याला ओळखणाऱ्या टी-पेशी थकून नाहीशा होतात. 1998 साली अहमद यांच्या गटाने त्यात भर घातली: काही ठिकाणी त्या नाहीशाही होत नाहीत, हजर असतात, विषाणूला ओळखतात, आणि काहीच करत नाहीत.

ज्या विषाणूने प्रतिकारशक्तीच्या अतिरेकाने उंदीर मरतो हे शिकवले, त्यानेच ती शक्ती स्वतःला आवरते कशी हेही शिकवावे, हे मला या साऱ्या कथेतील सर्वांत मोलाचे वाटते. कारण हा थकवा म्हणजे केवळ दुबळेपणा नव्हे. विषाणू हटत नाही असे दिसल्यावर टी-पेशींनी मारणे चालू ठेवले असते तर सारे यकृत, सारे फुप्फुस त्या मोहिमेत खर्ची पडले असते. थकलेल्या पेशींच्या पृष्ठभागावर पीडी-1 नावाचा एक रेणू दाटीने आढळतो. त्याचा शोध क्योटोच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत 1992 सालीच लागला होता, पण त्याचे विषाणूजन्य रोगातील कार्य कळले ते 2006मध्ये. अहमद यांच्या गटाने क्लोन 13ने बाधित उंदरांत या रेणूची वाट प्रतिपिंडाने अडवली, आणि स्वस्थ बसलेल्या टी-पेशी पुन्हा कामाला लागल्या. कर्करोगातही टी-पेशी याच रीतीने थकतात. होंजो आणि अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन यांना 2018चे नोबेल मिळाले ते शरीराने टी-पेशींना घातलेले असे लगाम सोडवून कर्करोगावर इलाज करण्याची वाट दाखवल्याबद्दल. इलाज पुष्कळांना लागू पडत नाही, आणि ज्यांना पडतो त्यांच्यापैकी काहींत त्याचा प्रभाव काही महिन्यांनी ओसरतो. याचे एक कारण असे की, थकव्याची खूण टी-पेशीच्या जनुकांच्या नियमनात खोलवर उमटलेली असते, आणि वाट मोकळी केली तरी ती पुसली जात नाही.

दुसरी अडचण पैशाची, आणि तिच्याशी महाराष्ट्राचा संबंध थेट आहे. पीडी-1ला रोखणारे निव्होलुमॅब हे औषध एरवी दर पंधरवड्याला 240 मिलिग्रॅम देतात. तंबाखूने तोंडाचा कर्करोग झालेल्या मजुराच्या घरी तेवढी मात्रा एकदाही परवडणारी नाही. परंतु टी-पेशींवरील पीडी-1 रेणू याहून पुष्कळ कमी औषधानेही व्यापले जातात, असे आरंभीच्या चाचण्यांतच दिसले होते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी हा धागा पकडून, डोके आणि मान यांच्या बळावलेल्या कर्करोगाच्या रोग्यांना तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले. केवळ स्वस्त औषधे घेणाऱ्यांपैकी वर्षभर जगलेले 16.3 टक्के होते. ही अल्प मात्रा जोडलेल्यांपैकी 43.4 टक्के.